चार नळ्या

केएल शून्य आठ. त्रिशूरची पाटी.
मायणी रस्त्यावर माझ्या गॅरेजपुढं ब्रेक दाबला
तसं आत पाणी डुचमळलं,
कडेवरच्या हंड्यात डुचमळतं तसं.
विट्यात तिसऱ्या दिवशी नळाला पाणी,
आणि हा माणूस
पाय ठेवायच्या जागेत पाणी भरून आला होता.

"दस्तगीर, छत गळतंय."
अधिकराव. आळसंदचे. गलाईवाले.
सतरा वर्षं तिकडं सोनं वितळवतायत,
मराठी बोलताना मधेच थांबतात
खिशात सुट्टे चाचपल्यागत.
तिथल्या तिघांनी काच बघितली म्हणे,
तिघांनीही सिलिकॉन लावलं,
पहिल्याच्या पोपड्यावर दुसऱ्याचा, त्यावर तिसऱ्याचा.

सीट काढली. चार बोल्ट, एक गंजलेला,
त्यानं अर्धा तास खाल्ला, वर अंगठ्याचं सालटं.
गालिच्याखालचा फोम चहात बुडालेल्या पावासारखा.
निवासनं नाक धरलं.

मग काच मागं सरकवून अधिकरावांना स्टुलावर चढवलं.
म्हटलं, ही पन्हळ बघा.
सनरूफ पाणी अडवतच नाही.
रबर थोडं अडवतं, उरलेलं आत येतं,
ते यायचंच असतं.
पन्हळीत पडायचं, चार कोपऱ्यांच्या चार नळ्यांनी
खांबाच्या पोटातून उतरायचं, चाकामागं सांडायचं.
छत गळत नाही तुमचं.
जायची वाट बुजलीय.

"म्हणजे तिघं येणाऱ्यालाच अडवत बसले."
"आणि सिलिकॉन नळीच्या तोंडात गेलं."
स्टुलावरून उतरले, बोलले नाहीत.

हवा मारायची नाही, निवासला तीनदा सांगितलंय.
प्रेशरनं नळी आतल्या आत सुटते,
मग अख्खा डॅशबोर्ड खोला.
गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी,
काडी ओढून टोक गोल केलेलं,
आणि बोटाला कळेल एवढाच जोर.
उजवी मोकळी. मागच्या दोन्हींत थोडी माती.
पुढची डावी
वीतभर गेली आणि बसली.

तासाभरानं आलं ते:
काळा गाळ, इकडं न उगवणाऱ्या कुठल्या झाडाचे देठ,
मुंग्यांची अंडी, सिलिकॉनचा पीळ.
फडक्याला पुसणार तोच अधिकरावांनी हात पुढं केला.
"टाकू नकोस."
गाळ तळव्यावर घेतला, अंगठ्यानं पसरला,
उन्हाकडं तिरका धरून डोळे बारीक केले.
मग ओशाळून हसले.
"सवय. आमच्यात केर टाकत नाहीत.
झाडलोट जाळायची, धुवायची,
वर्षाकाठी त्यातनं दुकानाचं भाडं निघतं.
पोरगं म्हणायचं, बाबा,
तुम्ही गिऱ्हाइकाचे तळवेसुद्धा झाडून घ्याल."
सनरूफ पाहिजेच, हा हट्ट पोराचा.
आता पोरगं शारजात.
गाडी यांच्याकडं.

तांब्याभर पाण्यात चिमूटभर हळद,
रंग असला की पाण्याला खोटं बोलता येत नाही.
खाली घमेलं, कारण नळ परवा.
निवास पालथा, अधिकराव पँट वर ओढून उकिडवे.
कोपऱ्यात ओतलं.
काही नाही.
खांबाला कान लावला. आत बारीक सरसर,
भिंतीमागं कुणी कागद उलगडतंय अशी.
"आलं!" निवास ओरडला.
घमेल्यात पिवळी धार.

तेच पाणी पुन्हा तांब्यात, पुढचा कोपरा.
चौथ्या खेपेला एवढं मळलं की हळद दिसेना,
तरी अधिकराव म्हणाले, अजून एकदा.

फोम दोन दिवस भिंतीवर वाळला.
मजुरी आठशे, सिलिकॉन खरवडायचे दोनशे.
"लावायचे तिघांना दिले," म्हणाले, "आता काढायचे तुला."
पण दिले.
गाडी वळली तेव्हा काचेपाशी
कागदाची पुडी दिसली, चिमटीएवढी, दोऱ्यानं बांधलेली.

घमेल्यातलं पाणी निवासनं
ऑइलच्या डब्यातल्या कढीपत्त्याला घातलं.